हनुवटी जरा वर

९ एप्रिल

स्टुडिओला कुलूप लावलं त्याला आज दोन महिने झाले. उरलेल्या सामानात ही कोरी ऑर्डरवही सापडली. नाव, प्रती, बॅकग्राउंड असे रकाने छापलेले. म्हटलं टाकून कशाला द्यायची, रोजनिशी लिहू. मोठी माणसं लिहितात. मी मोठा नाही, पण रिकामा आहे.

तेहतीस वर्षं मी चेहरे काढले. पासपोर्ट, परवाना, परीक्षेचा फॉर्म, नोकरीचा अर्ज. पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसू नका, हनुवटी जरा वर. एवढ्या भांडवलावर संसार केला. मग कचेऱ्यांनी आपापल्या खिडकीतच कॅमेरे बसवले. शेवटच्या आठवड्यात दुकानात एकच माणूस आला, तोही पत्ता विचारायला.

आज हिने मला काम दिलं.

ही म्हणजे माझी बायको. शाळेत विज्ञान शिकवायची. दर वसंतात मुलांना घेऊन मागच्या डोंगरावर जायची आणि जे जे रानफूल फुललेलं दिसेल त्याची वहीत नोंद करायची. निवृत्त झाली तरी जातच राहिली. सव्वीस वर्षं, सव्वीस वह्या. फेब्रुवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यंदा घराचा जिनासुद्धा विचार करून चढा.

प्रत्येक वहीचं शेवटचं पान एकाच फुलाचं असतं. ते अगदी वरच्या सपाटीवर, एप्रिल संपता संपता फुलतं. निळं, एका झाडाला एकच, आणि कायम मान खाली. शाळेतल्या पोरांनी त्याला नाव ठेवलं ‘नापास’. पुस्तकातलं नाव आगगाडीएवढं लांब आहे. ते ही सांगते तेव्हा मी समजल्यासारखी मान हलवतो.

आता बातमी अशी की एक मेपासून वरची सपाटी बंद. रोपवेचा खांब तिथेच रोवणार आहेत. म्हणजे नापास यंदाचं शेवटचं.

ही पेन्सिलीला टोक करत होती. "सत्ताविसावी वही कोरी राहील हो," म्हणाली. मग बराच वेळ टोकच करत राहिली. अर्धी पेन्सिल संपली. "तुम्ही जाल? फोटो काढून आणा. मी बघून नोंद करीन."

मी तत्काळ हो म्हटलं. म्हणजे तोंडाने. पायांना कुणी विचारलं नाही.

१० एप्रिल

सकाळी पोस्टमास्तर आले. तेही निवृत्त, तीन घरं सोडून राहतात. पूर्वी मुलांच्या रांगेच्या शेवटी चालायला म्हणून हिच्याबरोबर जायचे. सहली बंद झाल्या, हे काही बंद झाले नाहीत. गेल्या वर्षापासून दम लागतो म्हणून अर्ध्या वाटेवरच्या सपाट खडकापर्यंतच जातात. गळ्यात काळी चामडी पेटी. कॅमेऱ्याचीच असणार, दुसरं काय ठेवतात अशा पेटीत? इतक्या वर्षांत त्यांनी उघडून दाखवली नाही, मीही विचारलं नाही. धंद्याची काही अब्रू असते.

"मी येतो की सोबत," म्हणाले. "वाट पायाखालची आहे."

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता," मी म्हटलं.

मला मत्सर वगैरे अजिबात वाटत नाही. या वयात? त्यांनी दुसरा कप चहा घेतला तेव्हा बशी जरा जोरात ठेवली गेली, एवढंच.

ते गेल्यावर ही म्हणाली, "पहिल्या वर्षी मी तुम्हालाही बोलावलं होतं." असेल. मला आठवत नाही. वसंत म्हणजे आमच्याकडे फॉर्म भरायचे दिवस.

दुपारी तिने गेल्या वर्षीची वही दिली, खाणाखुणा कळाव्यात म्हणून. शेवटच्या पानावर नापासची नोंद, आणि शेजारी पेन्सिलीने आखलेली रिकामी चौकट. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर. पट्टी न लावता सांगतो, पासपोर्टचा आकार. ही आत आडवी झाली तेव्हा कपाट उघडून बाकीच्या वह्या बघितल्या. हे चोरून केलं, हे इथे कबूल करतो. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर तीच चौकट, आणि रिकामी.

आता काय ते उघडच झालं. तिथे पोस्टमास्तरांचे फोटो होते आणि वह्या माझ्या दृष्टीस पडतील म्हणून हिने ते काढून घेतले. गोंदाचा डाग मात्र एकाही पानावर नाही. मी हजारो फोटो चिकटवलेत, डाग मला लगेच कळतो. भलत्याच सफाईने काढलेत.

रात्री जेवलो नाही. म्हणजे एक पोळी कमी खाल्ली.

१३ एप्रिल

पहिली स्वारी. एकट्याने. नवे बूट, तिपाई, स्टुडिओचा कॅमेरा, पांढऱ्या पुठ्ठ्याचा तक्ता, छोटी कात्री आणि उजेड परतवायची पांढरी छत्री. वाटेत बकऱ्या चारणारी एक बाई भेटली. तिने आधी छत्रीकडे बघितलं, मग निरभ्र आभाळाकडे, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. बकऱ्याही बोलल्या नाहीत, पण थांबल्या.

वरपर्यंत जायचा आज विचार नव्हता. खालच्या उतारावरच सराव करायचा ठरवला होता (हे मी खालच्या उतारावर पोचल्यावर ठरवलं). फुलं मात्र रग्गड होती. पिवळी, पांढरी, नखाएवढी जांभळी. प्रत्येकाच्या मागे तक्ता धरला. समोरून, सरळ, नीट उजेडात. पानं मधे मधे येत होती. कानावर आलेले केस मागे सारायला सांगतो ना, तसंच. फक्त पानांना सांगून कळत नाही, म्हणून कात्री.

एक्केचाळीस फोटो. एकही हललेला नाही. बऱ्याच दिवसांनी आपण कामाचे आहोत असं वाटलं.

१४ एप्रिल

हिने फोटो बघितले. एक, दोन, पाच, दहा. चष्मा पुसला.

"अहो, पानं कुठायत?"

"आड येत होती. काढली."

"काढली म्हणजे?"

मी बोटांनी कात्री करून दाखवली.

आधी तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता माझी धडगत नाही. मग ती हसायला लागली. इतकी हसली की गुडघा धरून बसली. "हे काय फूल आहे की फरार आरोपी? याला ओळखायचं कशावरून मी? पान कसं, देठ कसा, शेजारी काय उगवलंय, त्यावरून फूल कळतं. तुम्ही तर सगळ्यांना भिंतीसमोर उभं केलंत!"

मी म्हटलं, माझ्याकडे येणाऱ्या माणसांचंही शेजारी काय उगवलंय ते मी कधी बघितलं नाही. त्यावर ती आणखी हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली, हे नंतर, दात घासताना माझ्या लक्षात आलं. तेव्हा मी फुगून बसलो होतो.

कात्री जप्त झाली आहे.

१८ एप्रिल

खिडकीतल्या कुंडीवर सराव. पानांसकट. कुंडी हलत नाही, डुलक्या घेत नाही, फोटो वाईट आला असं म्हणत नाही. इतकं चांगलं गिऱ्हाईक मला धंद्यात भेटलं नाही.

पायांना आलेल्या फोडांचा हिशेब इथे देत नाही.

२४ एप्रिल

दुसरी स्वारी, पोस्टमास्तरांसोबत. हिचा हुकूम. "एकटे गेलात तर मी खिडकीत बसून राहीन, आणि बसून बसून माझा गुडघा धरेल," असं म्हटल्यावर काय बोलणार? गुडघ्यापुढे आमचं काही चालत नाही.

पोस्टमास्तर वाटेभर बोलत होते. इथे बाई घसरल्या होत्या, इथे बाईंनी मुलांना गोगलगाय दाखवली होती, इथे बाई पाणी प्यायला थांबतात. मी ‘हं’ म्हणत होतो. माझ्या बायकोबद्दल मला इतकी माहिती एका दिवसात कधी मिळाली नव्हती. पेटी गळ्यात लोंबत होती. उघडतील, उघडतील म्हणून मी वाट बघितली. उघडली नाही. सपाट खडकावर ते टेकले आणि म्हणाले, "इथून पुढे तुम्ही. त्या दोन दगडांच्या मधून सरळ वर."

सरळ वर म्हणजे खरोखरच सरळ वर. शेवटचा टप्पा मी चार पायांवर चढलो.

सपाटी रिकामी होती. फिरून फिरून दोनच झाडं सापडली. एक फुललेलं, एकाला नुसती कळी. फूल निळं, बोटाच्या पेराएवढं, आणि मान पार खाली. तोंड दिसेना. आता मी काय केलं ते लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही.

मी म्हणालो, "हनुवटी जरा वर." आणि बोट घालून वर केली.

तेहतीस वर्षांत किती हनुवट्या या बोटाने वर केल्या असतील. एकही गळून हातात आली नव्हती.

फोटो काढायच्या आधीच सगळं संपलं होतं. फूल शर्टाच्या खिशात ठेवलं आणि उतरलो. पोस्टमास्तरांना सांगितलं, अजून फुललं नाही, कळीच आहे. घरी येऊन हिलाही तेच सांगितलं. धडधडीत खोटं. कळी आहे हे खरं आहे म्हणून मी स्वतःची समजूत घालतोय. तीस तारखेच्या आत ती उमलली नाही तर हिच्या शेवटच्या नापासचा जीव माझ्या हातून गेला असं होईल.

"बरं," ही म्हणाली. "दमलात. शर्ट टाका धुवायला."

२५ एप्रिल

शर्ट धुऊन दोरीवर वाळतोय. फूल खिशातच राहिलं होतं! आठवलं तेव्हा घाम फुटला. धावत जाऊन खिसा उलटा केला, आत काही नाही. पाण्यात विरघळलं असणार. सुटलो.

हिचं आज काहीतरी चाललंय. टेबलावर जाडा शब्दकोश ठेवलाय आणि त्याच्यावर इस्त्री. विचारलं तर म्हणाली, टेबल डुगडुगतं. टेबल डुगडुगत असेल तर कोश पायाखाली ठेवायचा की डोक्यावर? पण औषधांमुळे माणूस जरा असं करतं.

२८ एप्रिल

दोन दिवस डोंगरावर ढग. आज जेवताना हिने सहज विचारलं, "वरती कळी एकच होती ना?"

"एकच."

"आणि दुसरं काहीच नव्हतं?"

"नाही." मोठा घास तोंडात कोंबला. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नव्याने गाढव ठरायला माणसाला जड जातं.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. उजाडताच निघालो. ढग नव्हते.

सपाट खडकावर पोचल्यावर पोस्टमास्तरांनी पेटी उघडली. मी श्वास रोखून धरला. आत दुर्बीण! जुनी, एका भिंगाला तडा गेलेली.

"कॅमेरा कुठाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कॅमेरा? मला?" त्यांनी हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. "नोकरीत असल्यापासून असंच आहे. एकदा शिक्का मारला की दोनदा उमटायचा. ही पाखरांसाठी आहे. आज मात्र तुमच्यासाठी. बाईंनी सांगितलंय, यांच्यावर नजर ठेवा."

"मग नापासचे फोटो कोण काढायचं?"

"कुणीच नाही हो. मुलांपैकी कुणी काढायला गेलं तर बाई अडवायच्या. बाकी सगळ्यांचे काढा, याचा नाही, म्हणायच्या. हा आमच्या यांच्यासाठी ठेवलाय. यांनी भल्याभल्यांना मान वर करायला लावली, याला लावतात का बघायचंय मला." ते दुर्बीण पुसत होते. "दर वर्षी त्याच्यासमोर उभ्या राहून एकच बोलणं. पुढच्या वर्षी यांना घेऊन येते."

मी बूट बांधायला खाली वाकलो. बूट बांधलेलेच होते.

तेव्हा मला ते आठवलं. ही दुकानाच्या दारात उभी होती, खांद्याला पाण्याची बाटली. आत फॉर्मवाल्यांची रांग. मी कॅमेऱ्याचा डोळा न सोडता म्हणालो होतो, "पुढच्या वर्षी." ती जाताना मी वळूनही बघितलं नाही, कारण समोरच्या माणसाचा डावा कान दिसत नव्हता.

फार लाज वाटली. गोंदाचा डाग नव्हता, कारण गोंद लावायला मी कधी आलोच नव्हतो. सव्वीस चौकटी. एवढा अनुभव माझा, आणि रिकामी चौकट बघून एवढं कळू नये? तिथे फोटो चिकटवायचा असतो!

वर गेलो. यावेळी भीती वाटायला सवड नव्हती. सपाटीवर दोन माणसं फीत धरून मोजमाप करत होती. चुन्याची रेघ त्या झाडापासून दोन हातांवर येऊन पोचली होती. कळी उमलली होती. मान खाली.

सवयीने हात पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि, कुणाला खोटं वाटेल, खिशात घालून ठेवला. पुठ्ठ्याचा तक्ता पिशवीतून काढलाच नाही. आधी वाकलो. दिसेना. गुडघ्यावर बसलो, दिसेना. मग सरळ पाठीवर आडवा झालो आणि सरकत सरकत डोकं फुलाखाली नेलं.

बाहेरून निळं दिसतं ते. आतून पांढरं आहे, आणि पांढऱ्यावर बारीक जांभळे ठिपके, पार आतपर्यंत. कसलं नापास! हसू दाबायला मान खाली घालून बसलेलं पोर आहे ते. इतकी वर्षं सगळे त्याला वरूनच बघत आले.

कॅमेरा कानाशी जमिनीवर टेकवून, भिंग वर करून फोटो काढला. एकच निघाला. दुसरा काढायच्या आत खालून आरडाओरडा ऐकू आला. दुर्बिणीतून मी आडवा पडलेला दिसल्यावर पोस्टमास्तरांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि दम वगैरे विसरून धावत वर आले.

"आहात ना?" धापा टाकत विचारलं.

"आहे. इकडे या. आडवे व्हा."

ते झाले. एक डोळा मिटून बघितलं. मग म्हणाले, "हे बाईंनीसुद्धा बघितलेलं नाही."

फीतवाली दोघं काम थांबवून आमच्याकडे बघत होती. दोन म्हातारे एका फुलाखाली पडलेत म्हणून त्यांनी चुन्याची रेघ जरा वळवून घेतली. उद्या ती सरळ होईलच.

१ मे

पासपोर्टचा प्रिंटर मी विकलेला नाही. पलंगाखाली आहे. ही रोज झाडताना त्याला झाडू लावते आणि कधी काही बोलत नाही.

आमच्या धंद्यात एका कागदावर आठ प्रती निघतात. चार कागद काढले. बत्तीस. फूल, देठ, पान, मागे आभाळ, कडेला चुन्याची पुसट रेघ. आणि कोपऱ्यात, आडवा पडलो असल्यामुळे, माझा डावा कान.

कागद हिच्यापुढे ठेवले. तिने भिंग घेतलं. फुलाचं आतलं तोंड बघितलं तेव्हा भिंग आणखी जवळ नेलं. मी घाईघाईने म्हणालो, "थांब, आधी मला एक सांगायचंय. चोवीस तारखेला वर दोन होती. एक मी..."

"माहितेय." तिने इस्त्री बाजूला केली, शब्दकोश उघडला. आत दोन कागदांच्या मधे ते फूल. चपटं, पण निळंच. खाली तिच्या अक्षरात ‘चोवीस एप्रिल’. "खिसे बघितल्याशिवाय मी शर्ट कधी धुतलाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील. पुन्हा वर जायचं बळ तरी राहू दे."

मग तिने मला कपाटातल्या सगळ्या वह्या आणायला लावल्या. मी फोटो कापत होतो, ती गोंद लावत होती. पहिल्या वहीपाशी मी अडलो.

"हे आमच्यात चालत नाही," मी म्हटलं. "फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो. सव्वीस वर्षांपूर्वीच्या पानावर यंदाचा चेहरा?"

"फूल तेच आहे," ती म्हणाली. "फोटोवाला उशिरा आला."

तिने चौकटीत फोटो बसवला आणि अंगठ्याने चारही कडा दाबल्या. मग दुसरी वही, मग तिसरी. मधे एकदा म्हणाली, "कान छान आलाय," आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. गोंदाचा वास फार उग्र असतो.

सत्तावीस लागले, पाच उरले. एक पोस्टमास्तरांना दिला. ही म्हणाली चहालाही थांबवा, तर दोन कप दिले. बशी हळू ठेवली.

उरलेल्यातला एक इथे लावतो.

नाव: नापास.

प्रती: बत्तीस.

बॅकग्राउंड: आभाळ.

मान खाली, दात दिसत नसले तरी हसतंय, आणि कान आहे तो भलत्याचाच. कुठल्याही खिडकीवर नेला तर हा फोटो परत करतील.